उणे पस्तीसातलं खुराडं

यंदा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, बाहेर शेहेचाळीस डिग्री असताना, कॅनडातल्या चार कोंबड्यांना थंडी वाजू नये म्हणून माझा नवरा कामाला लागला. त्या कोंबड्या अजून कोणी विकतही घेतल्या नव्हत्या. पण असल्या बारीकसारीक गोष्टींनी अडून राहणाऱ्यांतला तो नाही.

झालं एवढंच होतं. आमची एकुलती एक मुलगी एडमंटनच्या बाहेर एका गावात राहते. ती नर्स आहे. जावई तेलाच्या साइटवर असतो, तीन आठवडे दूर उत्तरेला आणि एक आठवडा घरी. एका शनिवारी आम्ही नेहमीप्रमाणे फोन लावला, तर मुलगी ड्यूटीवर गेली होती आणि जावई सापडला. सासऱ्याशी बोलायला विषय हवा म्हणून तो बिचारा म्हणाला, "बाबा, मागच्या परसात चार कोंबड्या ठेवाव्यात म्हणतोय. पण इथे हिवाळ्यात उणे पस्तीस जातं. काय करता येईल?" दुसऱ्या दिवशी तो साइटवर निघून गेला, आणि बहुधा विमानात बसायच्या आधीच कोंबड्या विसरला. माझा नवरा मात्र विसरला नाही.

तो सत्तावीस वर्षं दुबईत एसीच्या डक्टिंगची ड्रॉइंग करतोय. खोलीत माणसं किती, खिडक्या किती, ऊन कुठून येतं, त्यावरून ती खोली थंड करायला काय लागेल ते काढायचं, हा त्याचा धंदा. आता पहिल्यांदाच कोणीतरी त्याला उलटं गणित घातलं होतं, आणि तो कधी नव्हे इतका खूश होता. जेवणाच्या टेबलावर मोठा कागद अंथरला गेला. आमच्या अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये जेवणाचं टेबल नीट उघडलं की बाल्कनीचं दार उघडत नाही, त्यामुळे महिनाभर माझे कपडे बाथरूममध्ये वाळले. या घराला मी पहिल्या दिवसापासून खुराडं म्हणत आलेय. एक बेडरूम, हॉलच्या कोपऱ्यात मुलीचा पलंग, स्वयंपाकघरात एका वेळी दीड माणूस. मॉलमधून निघताना, लग्नातून परतताना, विमानतळावरून टॅक्सीत बसताना माझं वाक्य ठरलेलं असायचं: "चला आपल्या खुराड्यात."

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. नवऱ्याच्या साठीला कंपनीने केक कापला आणि त्याच आठवड्यात पत्र दिलं, की डिसेंबरअखेर तुमची सेवा संपेल. नोकरी संपली की त्याचा व्हिसा संपतो, आणि त्याचा संपला की माझाही. मी बर दुबईत एका टायपिंग सेंटरमध्ये बसते. लोकांचे व्हिसाचे अर्ज भरते, कॅन्सलेशनचे कागद टाइप करते. रोज चार-पाच जणांना तोंड वर न करता विचारते, "मायदेशातला पत्ता?" पण डिसेंबरनंतर आपण कुठे, हे आम्ही दोघांनी एकमेकांना एकदाही विचारलं नव्हतं. सांगलीला एक फ्लॅट घेऊन ठेवलाय. त्यात आमचे एकूण दिवस मोजले तर दोन महिनेही भरणार नाहीत.

मला लेकीजवळ जायचं होतं. हे इथे सरळ लिहिते, कारण तेव्हा सरळ बोलले नव्हते. त्यालाही तेच हवं होतं, हे मला ठाऊक होतं. पण तिला विचारायचं नाही, असं आमचं न बोलताच ठरलेलं. विचारलं तर तिला हो म्हणावं लागेल, आणि तसला हो आम्हाला नको होता. तिने आपणहून म्हणावं, "या." तोपर्यंत गप्प बसायचं. दर शनिवारी फोन ठेवल्यावर आम्ही दोघंही क्षणभर फोनकडे बघायचो आणि मग कोणीतरी टीव्ही लावायचं.

अशा परिस्थितीत, ज्या माणसाला जानेवारीत आपण कुठे झोपणार हे माहीत नाही, तो कोंबड्यांच्या निवाऱ्याचा हीट लोड काढत होता.

"एक कोंबडी म्हणजे किती वॅट असेल गं?" त्याने एकदा वरणभाताचा घास हातात धरून विचारलं.

"मला काय विचारता? मी टायपिंग करते."

"माणसाच्या अंगातून निघणारी उष्णता आम्ही बसलेला आणि हलकं काम करणारा अशी वेगवेगळी धरतो. कोंबडीचं काय धरायचं?" मग त्याने स्वतःच निर्णय दिला, की दिवसा हलकं काम, रात्री बसलेली. तसं त्याने चक्क कागदावर लिहिलंसुद्धा.

पहिलं ड्रॉइंग तयार झालं. चोवीसशे बाय अठराशे मिलिमीटर, म्हणजे जेमतेम आठ फूट बाय सहा. भिंतींत चार इंच इन्सुलेशन, दक्षिणेला दुहेरी काचेची खिडकी, एक स्वतंत्र दार, एक हीटर आणि प्रत्येक फटीला सीलंट. आत मात्र काहीच नव्हतं. कोंबड्या बसायची दांडी नाही, अंड्यांचा खोका नाही. मधोमध एक ओळ: 'आतील मांडणी इतरांकडून'. मी विचारलं तर म्हणाला, आमच्या लाइनमध्ये असंच असतं, आम्ही फक्त हवेचं बघतो.

सत्तावीस वर्षं इंग्रजीत ड्रॉइंग काढणाऱ्या या माणसाने आपल्या लेकीसाठीचं हे पहिलं ड्रॉइंग मराठीत काढलं. खालच्या चौकटीत प्रकल्पाचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा थोडा अडला. तिकडे कोंबड्यांच्या घराला 'कूप' म्हणतात, हे त्याने नेटवर वाचलं होतं. "पण मराठीत कूप लिहिलं तर लोक विहीर समजतील," तो म्हणाला. लोक म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. शेवटी त्याने स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'प्रकल्प: खुराडं. जागा: मागचं परस.' कोंबडी हा शब्द त्या कागदावर कुठेही नव्हता. खुराडं म्हटल्यावर वेगळी कोंबडी कशाला लिहायची?

फोटो काढून तो मुलीला पाठवायचं काम माझ्याकडे आलं. तिचं शाळेत हिंदी होतं, त्यामुळे देवनागरी वाचते; मराठी आमच्याकडून जेवढं कानावर पडलं तेवढं. मी फोटोखाली लिहिलं: 'बाबांनी मागे बांधायला खुराडं काढलंय. छोटंसंच आहे. दार वेगळं ठेवलंय, तुम्हाला घरात काही त्रास होणार नाही. थंडीचं सगळं पाहिलंय. कसं वाटतं सांग.'

दोन दिवस उत्तर नाही. मग आलं: 'बाबा, धिस इज व्हेरी स्मॉल.'

नवऱ्याने लगेच टाइप केलं, 'पुरे आहे. एकमेकांना चिकटून बसलं की ऊब राहते.'

दुसऱ्या दिवशी: 'इज इट ईव्हन लीगल?'

'तिकडे पुष्कळ लोक ठेवतात. मी वाचलंय.'

मग बराच वेळ ती टाइप करतेय असं दिसत राहिलं आणि शेवटी एवढंच आलं: 'फॉर हाउ लाँग?'

याचं उत्तर द्यायला त्याने अभ्यास केला होता. 'सात-आठ वर्षं सहज. नीट काळजी घेतली तर दहा.'

'डोंट टॉक लाइक दॅट, बाबा.'

त्याने फोन माझ्यापुढे धरला. "बघ. अजून आणल्या नाहीत तर एवढा जीव लागलाय." मला उगाच भरून आलं. आपली पोर मायाळू आहे, असं मी मनात म्हटलं.

पुढचे दोन शनिवार तिने फोन दोन मिनिटांत आटपला. डोकं दुखतंय, शिफ्ट आहे. आम्हाला वाटलं, ड्रॉइंग आवडलेलं नाही. नवऱ्याने ते फारच मनाला लावून घेतलं, ड्रॉइंग दुसऱ्यांदा काढलं आणि ठरवलं की जाणकाराला दाखवायचं. जाणकार म्हणजे त्याच्या कंपनीतला फोरमन. हा मंडणगडकडचा. डक्ट बसवण्यात त्याची हयात गेली, आणि इंटरनॅशनल सिटीत एका खोलीत पाच जणांबरोबर राहतो. रविवारी आम्ही ड्रॅगन मार्टला जाळी बघायला गेलो तेव्हा तो तिथे आला. करक चहाचे कप बाजूला सारून नवऱ्याने टेबलावर कागद पसरला.

फोरमनने कागद एकदा सरळ बघितला, एकदा फिरवून बघितला.

"साहेब, ह्ये खुराडं हाय का मुडदाघर?"

"म्हणजे?"

"अवो, हवा जायाला भोकच नाय. कोंबडी थंडीनं नाय मरत साहेब, वलीनं मरते. तिच्या अंगावर पिसांचं ब्लँकेट हाय. पन रातभर श्वास सोडनार, घान करनार, ती वाफ जानार कुठं? तुऱ्यावर बसनार. तुरा काळा पडंल. बसत्यात तिथं वारा लागू द्यायचा नाय, पन वर छपराखाली मोकळं ठेवायचं. खाली भुसा जाड. हीटर खलास, काढून टाका."

"अरे, उणे पस्तीस आहे तिकडे."

"असंल. पन वल ती वलच की."

ज्याने आयुष्यभर लोकांची लीकेज पकडली, रिपोर्टांत लाल पेनाने गोल केले, त्याला एक माणूस शांतपणे सांगत होता की मुद्दाम भोक ठेवा. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी चहात बघून हसले. मग फोरमनने कागदाची नीट गुंडाळी करत सहज विचारलं, "साहेब, डिसेंबरनंतर कुठं? मी पन येत्या वर्षी खलास करनार. गावाला घर बांधून ठेवलंय."

इतक्या महिन्यांत हे कोणीच विचारलं नव्हतं. मी नवऱ्याकडे बघितलं.

"बघू," तो म्हणाला. "इन्शाल्ला."

"वहिनी, साहेब बघत्यात म्हनजे तुम्ही ठरवा," फोरमन हसून म्हणाला. मला त्याचा राग आला. राग यावा असं त्यात काही नव्हतं, म्हणून जास्तच आला.

त्या आठवड्यात नवऱ्याने तिसरी सुधारित आवृत्ती काढली. छपराखाली दोन्ही बाजूंना झडपा, हीटर रद्द, दांडीच्या उंचीला वारा येणार नाही अशी भिंत. आतली मांडणीसुद्धा या वेळी स्वतः काढली. ही पाठवायची नाही, शनिवारी फोनवर समोर धरून समजावून सांगायची, असं त्याने ठरवलं. शर्टही बदलला.

शनिवारी संध्याकाळी सातला फोन लागला. तिकडे सकाळचे नऊ. मुलगी स्वयंपाकघरात बसली होती, डोळे सुजलेले, आणि हातात एक कागद. तिच्याही हातात कागद बघून नवरा खूश झाला. त्याला वाटलं तिने दुरुस्त्या काढल्यात.

"प्लीज, लेट मी फिनिश," ती म्हणाली. "मध्ये बोलू नका, नाहीतर मला जमणार नाही."

मग ती वाचू लागली. लिहून आणलं होतं, अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी: मी खूप विचार केला. आम्ही दोघं नवराबायको फोनवर तीनदा बोललो. बॅकयार्डमध्ये मी तुम्हाला ठेवू शकत नाही, इट्स नॉट राइट, मला झोप नाही येणार. आणि घरात, आई, आय अ‍ॅम सो सॉरी, घरात पण आत्ता नाही. आम्ही दोघंच एकमेकांना महिन्यात आठ दिवस भेटतो. ते आठ दिवस तरी आम्हाला हवेत. मला माहितेय बाबांचा जॉब डिसेंबरला संपतोय. मला माहितेय तुम्ही कधी विचारणार नाही, म्हणून असं ड्रॉइंग पाठवलं. बट आय कांट से येस.

कागद संपला. ती रडायला लागली.

नवरा कॅमेऱ्यासमोर तिसरी आवृत्ती धरून बसला होता. त्याच्या तोंडून निघालं, "पण आता भोकं ठेवलीयत गं."

"व्हॉट?"

"कोंबड्यांना. हवेसाठी."

"कुठल्या कोंबड्या?"

मग उलगडा व्हायला दहा मिनिटं लागली, कारण तिघंही एकदम बोलत होतो. जावयाने कोंबड्यांबद्दल तिला चकार शब्द सांगितला नव्हता. त्याला फोनवर तिने 'आईबाबांना मागे राहायचंय' एवढंच सांगितलं, आणि त्याला वाटलं आपल्या बायकोला वाटतंय तर असेल. "अगं पण खुराडं लिहिलं होतं की!" नवरा ओरडला. "खुराडं म्हणजे कोंबड्यांचं घर!"

"नो, खुराडं म्हणजे आपलं घर," ती म्हणाली. "आई म्हणते ना नेहमी, चला आपल्या खुराड्यात. खुराडं म्हणजे होम. छोटं, कोझी होम. मी इथे माझ्या फ्रेंड्सना पण सांगितलंय, इट्स अ मराठी वर्ड फॉर होम." आणि तिने माझाच मेसेज मला वाचून दाखवला. छोटंसंच आहे. दार वेगळं. घरात काही त्रास होणार नाही. तो ऐकताना मला कळलं की तिची काही चूक नव्हती. तो मी आमच्यासाठी लिहिला असता, तरी त्यात एक शब्द बदलावा लागला नसता.

त्यानंतर आम्ही जे हसलो! नवऱ्याला ठसका लागला. ती टेबलावर डोकं ठेवून हसत होती. 'सात-आठ वर्षं सहज' हे आठवून पुन्हा, 'चिकटून बसलं की ऊब राहते' हे आठवून पुन्हा. मग डोळे पुसता पुसता ती म्हणाली, "सो ऑल दोज इयर्स, तू आपल्या घराला शिव्या देत होतीस?"

"नाही गं. लाडाने म्हणायचे."

हे साफ खोटं होतं. प्रत्येक वेळी मी ते मनापासून, चिडूनच म्हटलं होतं. आणि मागच्या सीटवर बसलेली एक मुलगी ते ऐकून खूश होत होती, की चला, आता घरी जायचं.

"थँक गॉड," ती हसत म्हणाली. "आय थॉट यू वर सीरियस."

म्हणाली आणि थांबली. आम्हीही थांबलो. आम्ही तिला काहीच विचारलं नव्हतं, आणि तिने उत्तर देऊन टाकलं होतं. लिहून आणून, रडून, सॉरी म्हणून. ते परत कसं घ्यायचं, हे तिला सुचेना, आणि ते आम्ही ऐकलंच नाही असं कसं दाखवायचं, हे आम्हाला.

"आई, आय मीन..."

"कळलं गं," नवरा म्हणाला. "हे बघ, या झडपा. थंडीने कोंबडी मरत नाही, ओलीने मरते." आणि पुढची पंचवीस मिनिटं त्याने तिला सगळं समजावून सांगितलं. भुसा किती जाड, दांडी किती उंच, दार कुठल्या दिशेला. तिने सगळं लिहून घेतलं. एवढ्या लक्षपूर्वक तिने बापाचं शेवटचं कधी ऐकलं होतं, मला आठवत नाही. फोन ठेवताना ती म्हणाली, चार कोंबड्या नक्की आणते, बर्फ पडायच्या आधी.

फोन बंद झाल्यावर टीव्ही कोणीच लावला नाही.

थोड्या वेळाने नवरा चिडला. तो चिडणारच होता, फक्त तिच्यासमोर चिडला नाही. उठून हॉलमध्ये फेऱ्या मारायला लागला. आमच्या हॉलमध्ये फेरी म्हणजे चार पावलं. "आठ बाय सहा! आपले आईबाप दुसऱ्याच्या परसात आठ बाय सहामध्ये राहायला तयार होतील, असं हिला वाटलंच कसं? तीन आठवडे ही खरं समजून चालली? आपली काही किंमत आहे की नाही?"

मलाही चिडायचं होतं. शब्दही तयार होते. पण मी त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "अहो, आणि ती हो म्हणाली असती तर?"

तो थांबला. मला वाटलं, काहीतरी फटकन बोलेल. त्याने खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसला आणि फार वेळ लावला नाही.

"गेलो असतो," तो म्हणाला.

"मीही."

मग आम्ही पहिल्यांदाच सांगलीबद्दल बोललो. बोलता बोलता मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.